ऑरियस: रोमचे सोन्याचे नाणे

ऑरियस हे प्राचीन रोमचे सोन्याचे नाणे. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच ‘सोन्याचा’. एक ऑरियस म्हणजे चांदीचे २५ दिनारियस. ज्युलियस सीझरच्या काळात त्याचे वजन सुमारे ८ ग्रॅम होते, इ.स. ६४ मध्ये नीरोने ते सुमारे ७.३ ग्रॅमवर आणले.

सोन्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वर हातोडा मारला की नाणे तयार होई. एका बाजूला बहुधा सत्ताधीशाचा चेहरा असे आणि दुसऱ्या बाजूला त्याला जे मिरवायचे असेल ते. सम्राट वेस्पेशियनच्या काही नाण्यांवर शोक करत बसलेली स्त्री दिसते. ती म्हणजे बंड मोडून पुन्हा ताब्यात घेतलेला ज्युडिया. वर्तमानपत्रे नव्हती, तेव्हा विजयाची बातमी अशी हातोहात फिरे.

सगळ्यात गाजलेले ऑरियस मात्र सम्राटाचे नाही, सीझरचा खून करणाऱ्या ब्रूटसचे आहे. हयात माणसाचा चेहरा नाण्यावर घालण्याची रोममध्ये प्रथा नव्हती. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरने ती मोडली. तो राजा होऊ पाहतो आहे, या संशयाला त्यामुळे बळच मिळाले. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला. पुढे सैन्याचे पगार भागवण्यासाठी ब्रूटसने नाणी पाडली. त्यांच्या मागच्या बाजूला दोन खंजीर आहेत आणि मध्ये मुक्त झालेल्या गुलामाला मिळणारी टोपी. खाली लॅटिनमध्ये खुनाची तारीख. थोडक्यात, ‘आम्ही रोमला मुक्त केले’. आणि दर्शनी बाजूला? खुद्द ब्रूटसचा चेहरा!

ही नाणी चांदीत बरीच सापडली आहेत, सोन्यात मात्र तीनच माहीत आहेत. त्यातले एक २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. नंतर त्याच्या मालकीची कागदपत्रे खोटी निघाली आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आले.

व्यापारातून ऑरियस दक्षिण भारतातही पोहोचले. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ १८९८ मध्ये ५०१ ऑरियसांचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे. चलनातून बाद करण्यासाठी तो घातला असावा, असे अभ्यासक मानतात. चेहरा गेला, तरी वजनाने सोने तेवढेच राहिले.