रखमाबाईंचा ‘घटस्फोट’ : एक साधनचिकित्सा

पूर्वजांचे विवाह व विवाहविच्छेद यांचा शोध घेताना लोकस्मृती एक सांगते व दप्तर दुसरेच सांगते, असे अनेकदा आढळते. डॉ. रखमाबाई (१८६४–१९५५) यांच्या विवाहाचे प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला, अशी समजूत रूढ आहे. उपलब्ध साधनांच्या कसोटीस ती उतरत नाही.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत हिंदू विवाहाची सरकारी नोंद करणे बंधनकारक नव्हते. त्यामुळे अशा विवाहांचे तपशील बहुधा मालमत्तेच्या किंवा दाव्यांच्या कागदांतूनच मिळतात. रखमाबाईंच्या मातोश्री जयंतीबाई यांनी वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला; त्यांच्या जातीत तशी रूढी होती. स्वतः रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या नांदावयास गेल्या नाहीत. दादाजींनी १८८४ मध्ये दावा लावला आणि त्यामुळेच या विवाहाचा वृत्तांत मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयसंग्रहात सुरक्षित राहिला.

न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. १८८६ मध्ये अपिलात तो निर्णय फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी पतीगृही जावे, अन्यथा कारावास भोगावा, असा हुकूम दिला. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली : दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी न करण्याचे कबूल केले.

या व्यवहारात विवाहविच्छेदाचा समावेश नाही, आणि तो संभवतही नव्हता. १८६९ चा घटस्फोटाचा कायदा ख्रिस्ती विवाहांपुरता होता. मुंबई प्रांतातील हिंदूंना न्यायालयीन घटस्फोटाची सोय १९४७ च्या कायद्याने झाली. दादाजींनी पुढे दुसरा विवाह केला, हाही विच्छेदाचा पुरावा ठरत नाही. कारण हिंदू पुरुषास तेव्हा बहुपत्नीत्वाची मुभा होती. उलट दादाजींच्या निधनानंतर रखमाबाईंनी वैधव्यवेष धारण केल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. हा आचार विवाह मोडल्याच्या कल्पनेशी विसंगत आहे.

तेव्हा या प्रकरणास ‘घटस्फोट’ म्हणणे केवळ शब्दाची चूक नव्हे. कायद्याने या स्त्रीस सुटकेचा मार्गच ठेवला नव्हता आणि तिला तुरुंगातून सूट तेवढी पैसे मोजून मिळाली, ही मूळ वस्तुस्थिती त्या शब्दाने झाकली जाते. म्हणून विच्छेदाचा कागद शोधू लागण्यापूर्वी तो त्या काळी, त्या समाजात निर्माण होऊ शकत होता काय, हे संशोधकाने प्रथम तपासले पाहिजे.