दोन आण्यांचा रस्ता

दिवाळसणाला लेकीजावई आले की आपण त्यांना विचारतो, "प्रवास कसा झाला?" ज्या रस्त्यावरून ते आले त्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. रस्ता चांगला असला म्हणजे तो लक्षातच येत नाही; खड्डा लागला की त्याची आठवण होते. म्हणून आज त्या रस्त्याच्याच कुळाची थोडी हकीकत सांगतो.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात मोटारी वाढल्या आणि जुन्या खडीच्या सडकांची दैना उडाली. बैलगाडीची लोखंडी धाव खडी फोडी; वेगाने धावणारे मोटारीचे रबरी चाक तिच्यातली माती ओढून उडवून देई. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते प्रांतांकडे गेले होते, आणि प्रांतांनी त्यांतले पुष्कळसे लोकल बोर्डांच्या गळ्यात घातले होते. बोर्डाची तिजोरी ती केवढी!

तेव्हा १९२७ साली मध्यवर्ती सरकारने विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सभासदांची एक समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच हे. कायदेपंडित म्हणून त्यांना सारा देश ओळखीत असे. खडीशी त्यांचे नाव जोडलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

समितीच्या हाती ना सत्ता होती, ना पैसा. सल्ला देणे एवढाच तिचा अधिकार. १९२८ च्या अहवालात तिने सांगितले, की रस्त्यांचा भार आता प्रांतांना व बोर्डांना झेपणारा नाही, तो राष्ट्राचा प्रश्न झाला आहे. जो मोटार चालवितो त्याच्या पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो पैसा रस्त्यांसाठी निराळा ठेवावा. शिवाय देशभरच्या रस्तेबांधणाऱ्यांनी एकत्र बसून आपला अनुभव एकमेकांस सांगावा.

सल्ला वाया गेला नाही. १९२९ साली गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला व रस्तेनिधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ साली मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला. शेतीने पुढारलेल्या मुलखात कोणतेही खेडे हमरस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे त्यांनी ठरविले.

लांबीचे उद्दिष्ट मुदतीआधीच, १९६१ च्या सुमारास, गाठले गेले. परंतु मैल भरले म्हणून खेडी जोडली गेली असे झाले नाही. राहिलेल्या खेड्यांसाठी २००० साली केंद्राला ग्रामसडक योजना काढावी लागली. आणि गंमत अशी, की तिलाही आधार मिळाला तो डिझेलवरच्या उपकराचा, म्हणजे जयकरांच्याच युक्तीचा.

भर पावसात अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून हमरस्त्यापर्यंत न्यावे लागते, अशा वाड्या आपल्या डोंगराळ भागात अजूनही आहेत. दोन आण्यांची ती उधारी त्यांच्यापुरती अद्याप फिटलेली नाही.