'टाक' : ठसा आणि देवत्व

खानदेशातील घरांत श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. ती नारळाची असते. नथ, डोळे, दागिने चढवून त्या नारळाला देवीरूप दिले जाते. त्याच घरातील देव्हाऱ्यात खंडोबाचे, भवानीचे, क्वचित पूर्वजांचे टाक असतात. कानबाई सजवली जाते, टाक उमटवला जातो. हा भेद 'टाक' या शब्दातच साठलेला आहे. 'धातूच्या पत्र्यावरील देवप्रतिमा' या रूढ अर्थाने तो झाकला जातो.

शब्दाचे मूळ संस्कृत 'टङ्क'. पाथरवटाची छिन्नी, चार माषांचे वजन आणि ठसा उमटवलेले नाणे हे त्याचे अर्थ. पहिला मराठी 'टाकी'त राहिला (टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण तिचीच), शेवटचा 'टांकसाळी'त. दिल्लीच्या सुलतानांचा 'टंका' आणि बांगलादेशाचा 'टाका' याच कुळातले. देवाचा टाक यांपैकी कोणाचा वारस? छिन्नीचा, हे उत्तर सहज सुचते. पण ते अपुरे आहे. सोनार चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून आकृती उठवतो. ही कृती मूर्तिकारापेक्षा टांकसाळीला जवळची आहे. एका ठशातून अनेक टाक निघतात आणि त्यामुळे कोणाचेही देवपण उणावत नाही. झिजलेला टाक विसर्जित करून नवा घडवता येतो. भाऊ विभक्त झाले की नव्या घरात नवे टाक बसतात. मूळ आणि नक्कल हा सौंदर्यशास्त्राचा लाडका पेच येथे उद्भवतच नाही.

शब्द हे इतिहासाचे साधन आहे, हे राजवाड्यांनी मराठी अभ्यासकांना शिकवले. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यात निवर्तले. 1927 मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. मात्र मूळ धातू सापडला की शब्दाचे काम संपले, अशी सवयही त्या परंपरेने लावली. 'टाक'च्या बाबतीत 'टङ्क'पाशी थांबणारा अभ्यासक सोनाराच्या दुकानापर्यंत पोहोचतच नाही.

थाई भाषेतील साम्य येथे उद्बोधक ठरते. साच्यातून उठवलेल्या लहान बुद्धप्रतिमांना तेथे 'फ्रा फिम' म्हणतात. यातील 'फिम' म्हणजे आपले 'बिम्ब'; छपाईला आणि टंकलेखनालाही थाई भाषा हाच शब्द वापरते. मराठीनेही अक्षरे उमटवणाऱ्या यंत्राच्या कामासाठी 'टंक'च उचलला. तो उचलणाऱ्यांना देव्हाऱ्यातला टाक आठवला असेलच, असे नाही.