नाण्यावरची बैलगाडी

वॉशिंग्टन राज्याच्या दक्षिण टोकाला, कोलंबिया नदीच्या काठी व्हँकूव्हर नावाचं गाव आहे. कॅनडातलं व्हँकूव्हर वेगळं, हे वेगळं. १ ऑगस्ट १९२५ रोजी ओकली केली हा लष्करी वैमानिक सॅन फ्रान्सिस्कोहून विमान घेऊन या गावी उतरला. दोनच वर्षांपूर्वी एका सोबत्याबरोबर वाटेत कुठंही न थांबता अख्खी अमेरिका आडवी ओलांडून त्यानं नाव कमावलं होतं. या खेपेला त्याच्याकडे माल होता तो चांदीच्या नाण्यांचा. पन्नास हजारांवर अर्धे डॉलर, वजन सहाशे किलोंच्या पुढे. नाणी सरकारी टांकसाळीत पाडलेली, चलन म्हणून कायदेशीर. फोर्ट व्हँकूव्हर हिस्टॉरिकल सोसायटी या गावच्या इतिहास मंडळानं ती ताब्यात घेतली आणि पन्नास सेंटचं नाणं एका डॉलरला विकायला काढलं. वरचे पन्नास सेंट फोर्ट व्हँकूव्हर या किल्ल्याच्या शताब्दी सोहळ्यासाठी.

इतिहास मंडळानं देशाचं चलन दुप्पट भावानं विकावं आणि त्यासाठी खुद्द अमेरिकी काँग्रेसनं कायदा करावा, हे वाचल्यापासून मी निधीसाठी विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंच्या कुळाचा माग काढतो आहे. याच राज्यातल्या, मी राहतो त्या रेडमंडमध्येही इतिहास मंडळ आहे, १९९९ साली स्थापन झालेलं. गावातल्या १९२२ सालच्या जुन्या शाळेच्या इमारतीत त्याचं बिऱ्हाड कित्येक वर्षं होतं. अमेरिकेत अशी मंडळं आणि शाळांच्या पालक संघटना गावोगाव आहेत, आणि निधी जमवायची त्यांची एक ठरलेली रीत आहे. गावातली जुनी शाळा, स्टेशन किंवा पूल यांचं चित्र असलेली वस्तू खास बनवून घ्यायची आणि विकायची. ख्रिसमसच्या झाडाला टांगायचं पितळी पदक, लाकडी नाणं, मग, पत्त्यांचा कॅट, नाव कोरलेली वीट. वस्तू दहाची, किंमत पंचवीस. मधले पंधरा डॉलर ही देणगी. अमेरिकेचं कर खातंसुद्धा हिशेब असाच मांडतं: वस्तूची बाजारभावानं किंमत वजा करा, उरेल तेवढ्यावरच सवलत.

ही रीत आली कुठून? नाण्यांचे अभ्यासक १८९२ सालाकडे बोट दाखवतात. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला पैसा हवा होता, तेव्हा काँग्रेसनं कोलंबसाचं चित्र असलेले पन्नास लाख अर्धे डॉलर मंजूर केले आणि एकेक डॉलरला विकायची मुभा दिली. पहिलं नाणं टाइपरायटरच्या एका कंपनीनं दहा हजार डॉलरला घेतलं. पण एवढा माल खपला नाही आणि उरलेली नाणी पुढं दर्शनी किमतीलाच बाजारात फिरली.

दुसरा दावा त्याच्याही आधीचा. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा समितीनं पुतळ्याच्या छोट्या प्रतिकृती विकल्या. सहा इंची एक डॉलरला, बारा इंची पाच डॉलरला. जे उभारायचं त्याचीच छोटी प्रत देणाऱ्याच्या हाती ठेवायची, ही कल्पना इथं पूर्ण तयार दिसते, आणि शिकागोपेक्षा हा दावा मला कितीतरी भक्कम वाटतो.

तरी मी दोन्ही नाकारतो. न्यूयॉर्कची समिती आणि शिकागोचं प्रदर्शन ही अवघ्या देशाची कामं होती. विकत घेणारा कुठला तरी लांबचा, वस्तूवरचं चित्र त्याच्या गावचं नव्हे. शाळा आणि इतिहास मंडळं विकतात त्या वस्तूचा जीव वेगळ्याच ठिकाणी असतो. घेणारा चित्रातली इमारत ओळखतो, विकणाऱ्याला नावानं ओळखतो, आणि पैसा जिथं दिला तिथंच खर्च होताना बघतो. हा त्रिकोण पहिल्यांदा जुळवला तो रेडमंडहून मोटारीनं तासाभरावर असलेल्या प्युअलपमधल्या एका म्हाताऱ्यानं, असं माझं म्हणणं आहे. त्याचं नाव एझ्रा मीकर.

मीकर १८५२ साली बायको आणि तान्ह्या मुलासह बैलगाडीनं ओरेगन ट्रेल नावाच्या वाटेवरून पश्चिमेला आला. प्युअलपच्या खोऱ्यात बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींची लागवड करून श्रीमंत झाला. १८९१ मध्ये पिकावर मावा पडला आणि ती श्रीमंती ओसरली. पंचाहत्तरी गाठल्यावर त्याच्या मनानं घेतलं की ज्या वाटेवर हजारो माणसं चालली, कित्येक तिथंच पुरली गेली, ती वाट नांगराखाली नाहीशी होते आहे, तिच्यावर खुणेचे दगड उभे राहिले पाहिजेत. २९ जानेवारी १९०६ रोजी आपल्या घरासमोरून त्यानं बैलगाडी जुंपली आणि उलट दिशेनं, पूर्वेकडे निघाला. बैलांची नावं ट्विस्ट आणि डेव्ह. ट्विस्ट नेब्रास्कात मेला. त्याच्या जागी पुढं डँडी आला. नोव्हेंबर १९०७ मध्ये ही गाडी वॉशिंग्टन शहरात पोचली आणि खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ती बघायला बाहेर आले. डेव्ह आणि डँडी आज पेंढा भरलेल्या रूपात टॅकोमाच्या इतिहास संग्रहालयात आहेत. डेव्हकडे बघितलं की कळतं, हा बैल नुसता देखाव्याचा नव्हता, त्यानं खरोखर देश ओलांडला आहे.

प्रवास चालला कशावर? पोस्टकार्डांवर. मीकर वाटेत गाडीचे, बैलांचे, दगडांचे फोटो काढून घ्यायचा, त्यांची कार्डं छापायचा आणि गाडीपाशी उभं राहून विकायचा. पुढं त्यात त्यानं स्वतः लिहिलेलं पुस्तकही आलं. गावात गाडी थांबली की गर्दी व्हायची, पांढऱ्या लांब दाढीचा म्हातारा गोष्ट सांगायचा, लोक कार्ड घ्यायचे. मग गावात दगडासाठी वर्गणी निघायची, आणि त्यात शाळांचा वाटा मोठा असे. आयडाहोत बोईसीच्या शाळकरी मुलांनी आपले पैसे घालून राज्य विधानभवनाच्या आवारात दगड बसवला. ओरेगनमधल्या बेकर सिटीतही मुलांनी वर्गणी दिली. चित्र आपल्या वाटेचं, सांगणारा समोर उभा, दगड आपल्याच चौकात.

यावर आक्षेप येतो, आणि तो खरा आहे: कार्डांचा पैसा मीकरच्या चाऱ्यापाण्याला गेला, दगडांचा पैसा गावांनी वेगळा दिला. म्हणजे वस्तू एका थैलीत आणि देणगी दुसऱ्या थैलीत. मग वस्तू विकून निधी जमवायची रीत याच्यापासून सुरू झाली असं कसं म्हणायचं? माझं उत्तर असं की या दोन्ही थैल्या पुढं एक झाल्या आणि त्या एक करणारा मीकरच होता. मे १९२६ मध्ये, पंच्याण्णव वर्षांचा असताना, तो व्हाइट हाउसमध्ये हजर होता. अध्यक्ष कूलिज यांनी त्या दिवशी ओरेगन ट्रेलच्या स्मारक नाण्यांच्या कायद्यावर सही केली. साठ लाखांपर्यंत अर्धे डॉलर पाडायची परवानगी, आणि ते घेणार मीकरनंच उभी केलेली ओरेगन ट्रेल मेमोरियल असोसिएशन. वाटेवरच्या खुणा आणि स्मारकं यांसाठी हा पैसा.

आता ते नाणं हातात घेऊन बघा. एका बाजूला अमेरिकेच्या नकाशावर उभा असलेला, हात पुढे केलेला आदिवासी पुरुष. दुसऱ्या बाजूला मावळत्या सूर्याकडे निघालेली छपराची गाडी, जुंपलेले दोन बैल. शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर आणि लॉरा गार्डिन फ्रेझर हे जोडपं. वर सांगितलेलं फोर्ट व्हँकूव्हरचं नाणंही लॉराबाईंचंच. वीस वर्षांपूर्वी ज्या गाडीपाशी उभं राहून मीकर कार्डं विकत होता, तशी गाडी आता स्वतःच नाण्यावर चढली. कुळाचा दुवा मला इथं मिळाला, आणि यापेक्षा ठळक पुरावा मला नको. फ्रेझर जोडप्याच्या डोळ्यांसमोर ट्विस्ट आणि डेव्हच होते, असं मी धरून चालतो.

नाणी विकण्याचा धंदा मात्र पुढं बिघडला. फोर्ट व्हँकूव्हरच्या पन्नास हजारांतली जेमतेम पंधरा हजार खपली, उरलेली टांकसाळीत परत जाऊन वितळली. ओरेगन ट्रेलच्या नाण्यांचं झालं त्याच्या उलट. १९२८ मध्ये मीकर वारला, आणि नंतरच्या वर्षांत तेच चित्र वर्ष आणि टांकसाळीचं अक्षर बदलून पुन्हापुन्हा पाडलं गेलं, एकूण १४ प्रकार. शेवटी शेवटी तर एकेका प्रकाराची तीनेक हजारच. संग्राहकाला संच पुरा करायचा असतो, त्या हौसेवर ही टंचाई बेतलेली होती. १९३९ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसनं हा प्रकार बंद केला.

या कुळाला आजोळही आहे, आणि तेही वॉशिंग्टन राज्यातच. डिसेंबर १९३१ मध्ये टेनायनो या छोट्या गावातली एकुलती बँक बुडाली. गावात रोकड उरली नाही. तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सनं ठेवीदारांना त्यांच्या अडकलेल्या ठेवीच्या पाव हिश्शापर्यंत हमीपत्रं दिली, आणि स्थानिक साप्ताहिकाचे प्रकाशक डॉन मेजर यांनी ती लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर छापली. स्प्रूस आणि सीडरचे ते तुकडे हातात घेतले तर जपूनच धरावे लागतात, वाकवले की मोडतात. पण बातमी देशभर गेली आणि संग्राहकांच्या मागण्या येऊ लागल्या. मुदत देऊनही बहुतेक नोटा वटवायला कोणी परत आलंच नाही. ज्याच्या बदल्यात पैसे द्यायचे होते, तीच वस्तू लोकांना पैशापेक्षा प्यारी झाली. मीकरनं वस्तूला गोष्ट चिकटवली, टेनायनोनं दाखवलं की गाव आपलं नाणं टांकसाळीशिवायही काढू शकतं. १९३३ मध्ये याच राज्यातल्या ब्लेननं गोल लाकडी नाणी काढली. आज शाळांच्या जत्रांत विकल्या जाणाऱ्या लाकडी नाण्यांचं घराणं हेच. २०२० च्या साथीत टेनायनोनं तेच जुनं छपाईयंत्र संग्रहालयातून पुन्हा चालू केलं आणि अडचणीतल्या कुटुंबांसाठी २५ डॉलरच्या लाकडी नोटा छापल्या. पुन्हा संग्राहक धावले.

आता रेडमंड. काँग्रेसनं नाणी थांबवली त्याच सुमारास, १९३९-४० मध्ये, रेडमंडच्या व्यापाऱ्यांनी सायकल शर्यत सुरू केली. ख्रिसमसची रोषणाई आणि शाळांचं खेळाचं साहित्य यांच्यासाठी पैसा उभा करायचा होता. ती शर्यत पुढं डर्बी डेज झाली, अजून चालते. टांकसाळीचा दरवाजा बंद झाला म्हणून गावांना स्वतःची खूण स्वतः घडवावी लागली, असा माझा अंदाज आहे, आणि रेडमंडनं त्यासाठी सायकल निवडली. गावाच्या नावाची वस्तू काढायची झाली तर तिच्यावर सायकल येणं रेडमंडमध्ये ओघानंच आलं.

आपल्याकडचा निधी वेगळ्या वाटेनं आला. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला तो माणशी एक पैसा मागून, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथं काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला मुष्टिफंडानं जगवलं, घरटी मूठभर धान्यानं. दोन्हीकडे भर होता लहान देणगी खूप जणांकडून घेण्यावर. वस्तू हाती ठेवायची आपली रीत म्हणजे स्मरणिका. शाळेचा सुवर्णमहोत्सव असो की बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन, स्मरणिका निघतेच. सिएटलला २००७ मध्ये अधिवेशन भरलं तेव्हाही हेच. पण स्मरणिकेत पैसा जाहिरातदार देतो आणि वाचकाला ती अंगावर पडते. मीकरच्या कार्डात पैसा तोच देतो ज्याला ती गोष्ट हवी आहे. शाळेशी जुना विद्यार्थी जोडायचा असेल तर दुसरी रीत मला कितीतरी जवळची वाटते.

इथं अमेरिकेतल्या मराठी शाळांनी ती करून बघावी. पदकाच्या साच्याचा खर्च एकदाच येतो आणि नगांची संख्या वाढली की दर उतरतो, म्हणून मोह होतो जास्त पाडायचा. व्हँकूव्हरची पस्तीस हजार नाणी भट्टीत गेली ती याच मोहानं. आधी नावं आणि पैसे घ्यावेत, मग तेवढीच पदकं घडवावीत, प्रत्येकावर क्रमांक कोरावा आणि तोच साचा दुसऱ्या वर्षी वापरायचा नाही असं सुरुवातीलाच जाहीर करावं. चित्र ठरवताना मुलांना विचारावं, आणि विक्रीच्या टेबलापाशी गोष्ट सांगायला गावातलं जुनं माणूस बसवावं, मराठी असो वा नसो.