१०९ एकरांचे राज्य : व्हॅटिकन सिटी

नववीच्या वर्गात युरोपचा नकाशा शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने इटलीच्या पोटातील एका ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, "सर, हे गाव आहे की देश?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका तासात आटोपले नाही. तो ठिपका म्हणजे व्हॅटिकन सिटी. रोम शहराच्या आतच, टायबर नदीच्या पश्चिमेस, जुन्या तटबंदीत वसलेले हे राज्य जगातील सर्वांत लहान स्वतंत्र राज्य होय. क्षेत्रफळ सुमारे ४४ हेक्टर, म्हणजे १०९ एकरांच्या आसपास. आपल्याकडील लहानशा खेड्याचे शिवारही बहुधा याहून मोठे भरेल. लोकवस्ती हजाराच्या आत. असे असूनही १८० हून अधिक देशांशी पोपच्या धर्मपीठाचे राजनैतिक संबंध आहेत. भारताशी ते १९४८ पासून आहेत. एवढ्याशा जागेला एवढे वजन कोठून आले, हे पाहण्याचा या लेखात अल्पसा प्रयत्न केला आहे.

मोठ्या राज्याचा शेवट

पोप हे रोमचे बिशप आणि रोमन कॅथलिक पंथाचे सर्वोच्च धर्मगुरू. इ.स. ७५६ मध्ये फ्रँक लोकांचा राजा पेपिन याने लोंबार्डांकडून जिंकलेला मध्य इटलीतील मुलूख पोपच्या हवाली केला. तेव्हापासून सुमारे अकरा शतके पोप हे धर्मगुरू होते, तसेच राजेही होते. त्यांचे सैन्य होते, कर होते, तुरुंगही होते. ज्याच्याजवळ मुलूख, त्याच्या मागे लढाया आल्याच. ६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या, बेफाम झालेल्या फौजेने रोम लुटले. पोप सातवे क्लेमेंट यांना वाचविताना त्यांच्या १८९ स्विस पहारेकऱ्यांपैकी १४७ कामी आले. हे पथक १५०६ मध्ये उभे राहिले होते. आजही त्यातील नवे शिपाई त्या दिवसाच्या स्मरणार्थ ६ मे रोजी शपथ घेतात.

एकोणिसाव्या शतकात इटलीच्या एकीकरणाची चळवळ उभी राहिली आणि पोपचा मुलूख तुकड्यातुकड्याने जाऊ लागला. अखेर २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीचे सैन्य पोर्ता पिया या वेशीजवळ तट फोडून रोममध्ये शिरले. पोप नववे पायस यांनी हा पराभव मान्य केला नाही. ते व्हॅटिकनमध्येच राहिले व स्वतःला कैदी म्हणवू लागले. १८७१ मध्ये इटलीने कायदा करून त्यांना मानमरातब व वार्षिक तनखा देऊ केला. त्यांनी तो नाकारला. त्यांचा मुद्दा पैशाचा नव्हता. जगभरच्या अनुयायांशी बोलणारा धर्मगुरू एखाद्या सरकारचा प्रजाजन असेल, तर त्याचा शब्द स्वतंत्र राहणार नाही, हा तो मुद्दा होता. हा पेच ५९ वर्षे सुटला नाही.

११ फेब्रुवारी १९२९ रोजी लॅटरन करार झाला. इटलीतर्फे मुसोलिनीने व पोप अकरावे पायस यांच्या वतीने कार्डिनल गास्पारी यांनी सह्या केल्या. पोपने जुन्या मुलखावरील हक्क सोडला; इटलीने नुकसानभरपाई दिली आणि व्हॅटिकनचे सार्वभौमत्व मान्य केले. मध्य इटलीएवढे राज्य गेले आणि १०९ एकर उरले. पण ते १०९ एकर कोणाच्याही हुकमतीखाली नव्हते.

राज्यकारभार

या राज्याचे नागरिकत्व जन्माने मिळत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. ते कामामुळे मिळते. रोममध्ये राहणारे कार्डिनल, धर्मपीठाचे वकील म्हणून परदेशी नेमलेले अधिकारी, पहारेकरी, कारभारी हे नागरिक होतात आणि काम संपले की सामान्यतः नागरिकत्वही संपते.

कायदे, अंमल व न्याय या तिन्ही बाबतींत अंतिम सत्ता पोपची आहे. प्रत्यक्षात कायदे करण्याचे काम एक आयोग पाहतो आणि दैनंदिन कारभार गव्हर्नर कार्यालयाकडे असतो. या कार्यालयाच्या प्रमुखपदी १ मार्च २०२५ पासून सिस्टर राफाएला पेट्रिनी यांची नेमणूक झाली. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच महिला. राज्याची स्वतःची टपाल तिकिटे, नाणी, रेल्वे स्टेशन आणि नभोवाणी आहे. नभोवाणी केंद्र १९३१ मध्ये खुद्द मार्कोनी यांनी उभारून दिले.

हे राजपद वंशपरंपरेने येत नाही. पोपची निवड मतदानाने होते. त्या मतदानाच्या नियमांमागे एक मजेदार कथा आहे. १२६८ मध्ये पोप चौथे क्लेमेंट वारले आणि विटेर्बो गावी जमलेल्या कार्डिनलांचे जवळजवळ तीन वर्षे एकमत होईना. शेवटी वैतागलेल्या गावकऱ्यांनी त्यांना कोंडून घातले व त्यांचे खाणेपिणे तोडले. १२७१ मध्ये निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरींनी पुढे १२७४ मध्ये नियमच केला की कार्डिनलांनी बंद दाराआड राहूनच निवड करावी. आज ऐंशी वर्षांखालील कार्डिनल सिस्टीन प्रार्थनागृहात गुप्त मतदान करतात. दोन तृतीयांश मते मिळाली की धुराड्यातून पांढरा धूर निघतो, एरवी काळा. ८ मे २०२५ रोजी असाच पांढरा धूर निघाला आणि चौदावे लिओ हे अमेरिकेत जन्मलेले पहिले पोप झाले.

कला आणि ग्रंथ

सेंट पीटर हे येथील मुख्य चर्च. त्याचे बांधकाम १५०६ मध्ये सुरू झाले व १६२६ मध्ये त्याचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. म्हणजे ज्यांनी पाया घातला त्यांच्यापैकी कोणीही ते पुरे झालेले पाहिले नाही. त्याच्या घुमटाचा आराखडा मायकेलअँजेलोचा. सिस्टीन प्रार्थनागृहाचे छतही त्यानेच १५०८ ते १५१२ या काळात रंगविले.

परंतु माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाला अधिक मोह पडतो तो तेथील ग्रंथालयाचा. १४७५ मध्ये रीतसर स्थापन झालेल्या या ग्रंथालयात सुमारे ८०,००० हस्तलिखिते आहेत. त्यांत ग्रीक व लॅटिनबरोबर अरबी, फारसी व तुर्कीही आहेत. आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट जाणून आनंद वाटेल. इब्न सीना यांचा 'अल्-कानून फित्-तिब्ब' हा वैद्यकग्रंथ १५९३ मध्ये रोममध्ये मूळ अरबीत छापला गेला. तो छापखाना एका कार्डिनलने उभारला होता. ज्या रोमच्या पोप दुसरे अर्बन यांनी १०९५ मध्ये धर्मयुद्धाची हाक दिली होती, त्याच रोममध्ये पाच शतकांनी अरबी खिळे जुळविले जात होते. पुढे १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने मुसलमानांविषयी आदर व्यक्त करून, मागील वैर विसरून परस्परांना समजून घ्यावे असे जाहीर आवाहन केले. २००१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल दमास्कसच्या उमय्या मशिदीत गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप.

चुकांचे कागद

ग्रंथालयाशेजारी दप्तरखाना आहे. त्यातील फडताळांची लांबी सुमारे ८५ किलोमीटर भरते. १८८१ मध्ये तेरावे लिओ यांनी तो अभ्यासकांना खुला केला. या दप्तरात केवळ गौरवाचेच कागद नाहीत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणाऱ्या गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा झाली, त्या खटल्याचे कागदही तेथे आहेत. १९९२ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी त्या प्रकरणात धर्मपंडितांची चूक झाली होती असे जाहीरपणे मान्य केले. त्याला ३५९ वर्षे लागली. हा उशीर लाजिरवाणाच म्हटला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंची कत्तल होत असता पोप बारावे पायस यांनी उघड निषेध का केला नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. त्यांच्या कारकिर्दीचे दप्तर मार्च २०२० मध्ये खुले झाले असून विद्वान ते वाचीत आहेत.

मुलूख गेल्यावर या राज्याजवळ शब्द तेवढा उरला, आणि त्या शब्दाला कधी कधी फळही आले. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईस आलेले पोप सहावे पॉल हे भारतात आलेले पहिले पोप. शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग गरिबांसाठी द्यावा, असे आवाहन त्यांनी मुंबईतूनच जगाला केले. ते जगाने फारसे मनावर घेतले नाही. परंतु १९७८ मध्ये अर्जेंटिना व चिली बीगल सामुद्रधुनीतील बेटांवरून युद्धाच्या तोंडाशी आले, तेव्हा दोघांनीही व्हॅटिकनची मध्यस्थी मान्य केली. १९८४ मध्ये व्हॅटिकनमध्येच तह झाला आणि युद्ध टळले. ज्याला कोणाची जमीन नको आहे, त्याच्यावर दोघांनाही विश्वास ठेवता आला.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे आहे : बाळ, आकाराने ते गाव आहे, पण कारभाराने देश आहे. लेखी नियम, वंशावर नव्हे तर कामावर दिलेले पद आणि स्वतःच्या चुकांसकट जपलेले कागद यांवर तो उभा आहे. यांतील शेवटची गोष्ट तर आपल्यालाही बिनखर्चाने करता येईल. पालक बंधुभगिनींनो, घरातील जुन्या पेटीत आजोबांची पत्रे, निकाहनामे, जमिनीचे दस्त असतील, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा मुलांना वाचावयास द्या. आपला इतिहास दुसऱ्याने लिहावा असे वाटत नसेल, तर निदान त्याचे कागद तरी आपल्यापाशी असले पाहिजेत.