तहकुबी म्हणजे तह नव्हे

पहिले महायुद्ध 11 नोव्हेंबर 1918 रोजी संपले, असे आपण वर्गात शिकवतो आणि पुढच्या धड्याला लागतो. मला ही तारीख खटकते. त्या दिवशी झाली ती युद्धतहकुबी, तीही 36 दिवसांची. मुदत वाढवत वाढवत तह झाला तो 28 जून 1919 ला, व्हर्सायला.

मधल्या काळाची किंमत कोणी मोजली? फ्रान्समधल्या कॉंपियेन्यच्या रानात, रेल्वेच्या डब्यात पहाटे पाचच्या सुमारास सह्या झाल्या. अंमल मात्र सकाळी अकरापासून. बोलणी चालू असताना तरी गोळीबार थांबवा, ही जर्मनांची विनंती मार्शल फॉशने आधीच फेटाळली होती. सह्यांची खबर पोचल्यावरही काही सेनापतींनी हल्ले चालूच ठेवले. जी जमीन तहकुबीच्या कलमांनी आपोआप मोकळी होणार होती, तिच्यासाठी शिपाई पुढे ढकलले! त्या एका दिवसात दोन हजारांवर सैनिक मेले. हेन्री गुंथर हा अमेरिकन शिपाई पडला तो 10 वाजून 59 मिनिटांनी.

जर्मनीची सागरी नाकेबंदीही उठली नाही. तसे कलमच होते. ती पुरती उठली जुलै 1919 मध्ये. उपासमार सोसली गोरगरिबांनी. कैसर हॉलंडात सुखरूप होता.

आणि जर्मनीतर्फे सही कोणाची? शिष्टमंडळाचा प्रमुख एर्झबर्गर, मुलकी पुढारी. अटी मान्य करा, असे सेनापती हिंडेनबुर्गने कळवले आणि स्वतः मागे राहिला. 1921 मध्ये राष्ट्रवादी मारेकऱ्यांनी एर्झबर्गरला गोळ्या घातल्या. 1925 मध्ये हिंडेनबुर्ग राष्ट्राध्यक्ष झाला.