गुडघेरोपण : निर्णयात घाई नको, व्यायामात ढिलाई नको

साठी ओलांडलेल्या मंडळींच्या गप्पांमध्ये ‘गुडघ्याची वाटी बदलली’ हे वाक्य हल्ली सर्रास कानावर पडते. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेत वाटी बदलणे हा मुख्य भाग नसतोच. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे एकमेकांना भिडतात, तेथील झिजलेला पृष्ठभाग काही मिलिमीटर जाडीने कापून काढला जातो आणि त्या जागी धातूचे भाग बसवले जातात. दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीन या टणक प्लॅस्टिकची चकती असते. वाटीच्या आतल्या बाजूस अशीच छोटी चकती गरजेनुसार बसवतात. सांध्याला हलवणारे स्नायू आणि त्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारे अस्थिबंध मात्र रुग्णाचे स्वतःचेच राहतात. ही गोष्ट लक्षात घेतली, तर शस्त्रक्रियेचे यश केवळ शल्यचिकित्सकाच्या हातात का नसते, हे उमगते.

आजच्या गुडघेरोपणाचा पाया १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’मध्ये घातला गेला. तेथे विकसित झालेल्या ‘टोटल काँडायलर’ सांध्याच्या रचनाकारांमध्ये डॉ. जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्यासह मूळचे भारतीय असलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये डॉ. राणावत यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया केली. त्यानंतर ही शस्त्रक्रिया आपल्याकडे घरोघरी माहीत झाली.

आधी काय करून पाहावे?

गुडघेदुखीचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अस्थिसंधिवात, अर्थात कूर्चेची झीज. या झिजेवर पहिला उपाय शस्त्रक्रिया हा नव्हे. वजन कमी करणे, मांडीच्या पुढील स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम, हातात काठी, योग्य पादत्राणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मर्यादित काळ वेदनाशामके, हा क्रम आधी पाळावा लागतो. शरीराचे वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. दुर्बिणीतून गुडघा ‘धुऊन’ घेण्याचा उपाय मात्र झिजेवर उपयोगी नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत अशी शस्त्रक्रिया आणि केवळ त्वचेवर छेद देऊन केलेली लटकी शस्त्रक्रिया यांच्या परिणामांत फरक दिसला नव्हता.

निर्णय कशावर घ्यावा?

एक्स-रे पाहून ‘हाडाला हाड लागले आहे’ असे सांगितले गेले, की घरातील सर्वांचा धीर सुटतो. परंतु एक्स-रेतील झीज आणि रुग्णाची वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही. चित्र वाईट असूनही रोज फिरायला जाणारे आजोबा असतात आणि मध्यम झिजेनेही रात्र जागून काढणाऱ्या आजी असतात. म्हणून प्रश्न विचारायचे ते रोजच्या जगण्याविषयी. वेदनेने रात्री झोपमोड होते का? बाजारहाट, जिना, बसचा प्रवास टाळावा लागतो का? किमान तीन महिने नियमित व्यायाम आणि औषधे घेऊनही फरक पडला नाही का? पाय बाकदार होत चालला आहे का? यांतील बहुतेक प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल आणि एक्स-रेही त्याला दुजोरा देत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो.

या संदर्भात डेन्मार्कमधील १०० रुग्णांवरील एक अभ्यास उद्बोधक आहे. तो २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करून नंतर व्यायाम, आहार, औषधे असा कार्यक्रम दिला गेला. उरलेल्या निम्म्यांना फक्त तो कार्यक्रम दिला. वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांना निश्चितच अधिक आराम मिळाला होता, मात्र गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच अधिक होत्या. दुसऱ्या गटातील केवळ २६ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. याचा अर्थ उघड आहे. शस्त्रक्रिया गुणकारी आहे, पण ती तातडीची नाही; विचार करायला, दुसरे मत घ्यायला रुग्णाला पुरेसा अवधी असतो.

मात्र वर्षानुवर्षे चालढकल करणेही हिताचे नाही. गुडघा आखडून गेला, स्नायू वाळले आणि पायाचा बाक वाढला, की शस्त्रक्रिया अवघड होते आणि तिचे फळही उणे मिळते.

अपेक्षा आणि मर्यादा

‘नवा गुडघा किती वर्षे टिकेल?’ हा सर्वांचा पहिला प्रश्न. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार संपूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. म्हणूनच पन्नाशीच्या आतील रुग्णांना सहसा थांबण्याचा सल्ला देतात, कारण त्यांच्या वाट्याला पुढे दुसरी, अधिक अवघड शस्त्रक्रिया येण्याची शक्यता जास्त असते. झीज एकाच बाजूस असेल, तर अर्धा गुडघा बदलणे किंवा नडगीचे हाड कापून पायाचा कल सुधारणे, हे पर्यायही विचारात घेता येतात.

दुसरी बाब आपल्या राहणीची. चालायला सुमारे ७० अंश, जिन्याला ९० अंशांच्या आसपास गुडघा वाकावा लागतो. उकिडवे बसण्यासाठी तो १३० अंशांहून अधिक वाकणे आवश्यक असते. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचा गुडघा ११० ते १२५ अंशांपर्यंत वाकतो. त्यामुळे पंगतीत मांडी घालून बसणे, देशी पद्धतीचे शौचालय वापरणे, जमिनीवर बसून पूजा करणे यांवर बहुधा पाणी सोडावे लागते. घरात कमोड आणि उंच खुर्चीची सोय आधीच करून घ्यावी. वेदना कमी होणे हा या शस्त्रक्रियेचा खरा लाभ आहे, विशीतला गुडघा परत मिळणे हा नव्हे. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांमध्ये पाचांतील एकापर्यंत रुग्ण निकालाबाबत पूर्ण समाधानी नसल्याचे आढळते. अवास्तव अपेक्षा हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

खर्चाच्या बाबतीत ऑगस्ट २०१७ हा महत्त्वाचा टप्पा ठरला. राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. पुढे या नियंत्रणाला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली. तरीही खोली, शस्त्रक्रियागृह आणि डॉक्टरांचे शुल्क वेगळेच असते. त्यामुळे रुग्णालयाकडून खर्चाचे लेखी अंदाजपत्रक आणि बिलात सांध्याची किंमत स्वतंत्र मागून घ्यावी. बहुतेक आरोग्य विमा योजनांत या शस्त्रक्रियेसाठी काही वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, तोही तपासून पाहावा.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात आणणे अत्यावश्यक आहे, कारण नव्या सांध्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जंतुसंसर्ग. दातांचे, लघवीचे किंवा त्वचेचे दुखणे असल्यास ते आधी बरे करावे. धूम्रपान, तंबाखू बंद करावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. ती परस्पर बंद करू नये. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलायचे असतील, तर हृदय आणि फुफ्फुसांची तपासणी अधिक काटेकोरपणे व्हावी.

नंतरचे तीन महिने

शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच रुग्णाला वॉकरच्या आधाराने उभे करतात. टाके १० ते १४ दिवसांनी काढले जातात. साधारण दोन-तीन आठवड्यांनी वॉकरची जागा काठी घेते. ती शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी, हा नियम पाठ करून ठेवावा. आधार न घेता घराबाहेर चालणे बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत जमते.

खरी परीक्षा मात्र पहिल्या सहा आठवड्यांत असते. गुडघा दुखतो, सुजतो, रात्री झोप लागत नाही. अशा वेळी मायेपोटी घरची माणसे ‘आज राहू दे, विश्रांती घ्या’ असे म्हणतात आणि नकळत नुकसान करून बसतात. न हललेला गुडघा आखडतो. एकदा आखडला, की प्रसंगी भूल देऊन तो वाकवावा लागतो. पाऊल घोट्यातून वर-खाली हलवणे, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ दाबणे, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणे, हे साधे व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा केलेच पाहिजेत. व्यायामापूर्वी अर्धा तास वेदनाशामक आणि नंतर बर्फाचा शेक घेतल्यास ते सुसह्य होतात. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपण्याचा मोह टाळावा; त्यामुळे गुडघा पूर्ण सरळ होत नाही.

गुडघ्याची ऊब आणि थोडी सूज काही महिने राहते, व्रणाच्या बाहेरील बाजूस बधिरता जाणवते, चालताना कधी ‘टक’ असा आवाज येतो. या गोष्टींना घाबरण्याचे कारण नाही. परंतु पोटरीत दुखून सूज येणे, जखमेतून स्राव, ताप किंवा वाढत जाणारी लाली दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात जावे.

पूर्ण सुधारणा व्हायला सुमारे एक वर्ष लागते. शल्यचिकित्सकाचे काम दीड-दोन तासांत संपते, रुग्णाचे काम त्यानंतर सुरू होते. ते करण्याची तयारी आहे का आणि घरची माणसे त्यात साथ देतील का, या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाल्यावरच शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी.